पॉवर वीडर खोक्यातून बाहेर येतो तेव्हा

बैलजोडी वर्षभर पोसणे परवडत नाही आणि ऐन हंगामात निंदणीला माणूस मिळत नाही, या दोन अडचणींच्या मधल्या जागेत पॉवर वीडर महाराष्ट्रात रुजला. कापसाच्या आणि हळदीच्या ओळींतून, उसाच्या सरीतून, ट्रॅक्टर वळत नाही अशा कोकणातल्या वाफ्यांतून, आणि हल्ली शहरालगतच्या फार्महाउसच्या परसबागेतूनही पाच-सात अश्वशक्तीचे, मागे चालत हाताने धरायचे हे यंत्र दिसते. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले, पुढे महाडीबीटी पोर्टलवर अर्जाची सोय झाली आणि खरेदीला अनुदानाचा हात मिळाला. कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर बोलणे होते ते एचपी किती, तेल किती खातो, सुटे भाग तालुक्याला मिळतात का, याचे. सुरक्षेचा विषय निघालाच तर ‘जरा जपून चालवा’ एवढ्यावर मिटतो. माझे म्हणणे असे, की या यंत्रापुरते तरी जपून चालवणे ही नंतरची गोष्ट आहे. खोके फोडून ज्या दिवशी त्याची जोडणी होते, त्याच दिवशी पुढच्या अपघातांपैकी बरेचसे टळलेले तरी असतात किंवा पेरलेले तरी.

विधान टोकाचे वाटेल, म्हणून आधी हिशेब मांडू. धडधाकट माणूस दिवसभर टिकवू शकेल अशी ताकद सुमारे ७५ वॅट. पाच अश्वशक्ती म्हणजे साधारण ३,७०० वॅट, म्हणजे पन्नास माणसांचे बळ. ते सगळे दोन-अडीच फूट रुंदीच्या पात्यांच्या रांगेत एकवटलेले असते आणि ही रांग चालवणाऱ्याच्या पावलांपुढे थोड्याच अंतरावर फिरत असते. पात्यांचा दांडा मिनिटाला १२० फेरे घेतो आणि पात्याचे टोक दांड्याच्या मध्यापासून १८ सेंटिमीटरवर आहे, असे धरू. अचानक काही घडले तर माणसाचा हात हलायला सुरुवात होईपर्यंतच निदान पाव सेकंद जातो. तेवढ्यात दांडा अर्धा फेरा पुरा करतो आणि पात्याचे टोक ५६ सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन फुटांहून जास्त, अंतर कापते. त्यातून काय झाले हे आधी उमजायचे आणि मग आवळलेली मूठ सोडवायची म्हटले, तर एक सेकंद सहज जातो. एक सेकंद म्हणजे दोन फेरे. पदराचे टोक, गमछा किंवा सैल पायजमा दांड्याला गुंडाळला जायला दोन फेरे भरपूर झाले. सावध माणसालाही हा वेग हरवतो. म्हणून ज्या गोष्टी सावधपणावर अवलंबून नाहीत, त्या यंत्रातच बसवलेल्या असाव्या लागतात.

मळणीयंत्रांच्या बाबतीत आपल्या देशाने हा धडा एकदा घेतलेला आहे. हरितक्रांतीनंतर मळणीयंत्रे झपाट्याने वाढली आणि पेंढी आत सारताना हात तुटण्याचे प्रमाणही वाढले. त्यातून १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा आला आणि मजुराला सबुरीचा उपदेश करण्याऐवजी जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकली गेली. सर्वांत उपयोगी बदल मात्र एका साध्या मापाचा होता. सुरक्षित मळणीयंत्राचे पेंढी सारायचे पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब हवे आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, असे ठरले. हात एवढा लांब नसतो, म्हणून तो ड्रमपर्यंत पोहोचत नाही. माणूस थकलेला असो, झोपेत असो की गप्पांत असो, माप आपले काम करते. पॉवर वीडरमध्ये अशी मापे आहेत. फरक एवढाच, की मळणीयंत्रात ती कारखान्यातून बसवून येतात आणि वीडरमध्ये ती पाने-पकडी घेऊन आपल्याला किंवा दुकानाच्या माणसाला बसवावी लागतात.

पात्यांपासूनच पाहू. १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गिलगँड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी मशागतीचे प्रयोग केले. त्याची सुरुवातीची पाती माती नुसती बाजूला भिरकावत. ‘एल’ आकाराची, वाकलेली पाती काढल्यावर गणित जमले आणि १९२० मध्ये त्याने पेटंट घेतले. आजचा ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर काय आणि हातातला वीडर काय, पाते जवळपास तेच आहे. या वाकलेल्या पात्याला धारेची एकच बाजू असते आणि यंत्र पुढे जाताना तीच आधी मातीत शिरली पाहिजे. खोक्यात डाव्या आणि उजव्या बाजूचे संच वेगळे येतात, बहुधा त्यांवर खूणही असते. ते अदलाबदल करून बसवले तरी यंत्र सुरू होते, पाती फिरतात आणि पाहणाऱ्याला काही चुकले असे वाटत नाही. मग पात्याची बोथट पाठ जमिनीवर आपटते, माती कापली जात नाही आणि यंत्र पात्यांवर चढून पुढे उड्या मारू लागते. चालवणारा म्हणतो, ‘जमीन कडक आहे.’ तो हँडलवर सगळा भार टाकतो आणि तोल जातो तो नेमका इथे. दांड्यावर संच अडकवणारी पिन आणि तिची क्लिप हीसुद्धा अशीच दुर्लक्षित गोष्ट. क्लिप हरवली म्हणून खिळा वाकवून घालायची पद्धत सर्रास आहे. तो खिळा तुटतो तेव्हा पात्यांचा अख्खा संच दांड्यावरून सरकून येतो.

दुसरी जागा लिव्हरची. हँडलवरची लिव्हर दाबून धरली तरच पाती फिरावीत आणि हात सुटताच थांबावीत, ही या यंत्राची सर्वांत मोलाची सोय. मागे चालत चालवायच्या अशा यंत्रांसाठी युरोपात ईएन ७०९ नावाचे सुरक्षा मानक आहे आणि त्यातही या गोष्टीवर भर आहे. पण लिव्हर आणि क्लच यांच्यामध्ये एक वायर असते आणि ती वायर जोडणीच्या वेळी ताणली जाते. बेल्टवर चालणाऱ्या यंत्रात वायर जास्त ताणली, तर लिव्हर सोडल्यावरही बेल्ट थोडा आवळलेलाच राहतो आणि पाती सावकाश फिरत राहतात. फार सैल ठेवली तर बेल्ट घसरतो, जळका वास येतो आणि मग कुणीतरी ती पुन्हा गरजेपेक्षा जास्त ताणतो. लहान टू-स्ट्रोक यंत्रांत क्लच इंजिनच्या वेगावरच पकडतो. तिथे रिकामे इंजिन थोडे जरी जास्त वेगाने ठेवले, तरी कुणी हात न लावता पाती फिरू लागतात. हे ओळखण्याची परीक्षा मिनिटभराची आहे. चाकांवर किंवा ठोकळ्यावर यंत्र असे उभे करायचे की पाती जमिनीला लागणार नाहीत. आसपास कुणी नसावे. लिव्हरला हात न लावता इंजिन सुरू करायचे. पाती स्थिर राहिली तर ठीक, नाहीतर वायर किंवा वेग जुळेपर्यंत यंत्र शेतात न्यायचे नाही.

बाकीची जोडणी लवकर उरकणारी आहे, पण वगळण्यासारखी नाही. नवे इंजिन खोक्यातून कोरडे येते. त्यात इंजिन ऑइल भरलेले नसते. गिअरबॉक्सचे तेल वेगळे आणि बऱ्याच डिझेल इंजिनांत हवेच्या गाळणीतही तेल घालावे लागते. पहिले ऑइल साधारण वीस तासांत बदलायचे, कारण नव्या भागांतून घासून निघालेला धातूचा कीस त्यात उतरतो. तेलाची पातळी सपाट जागेवरच पाहायची. या छोट्या इंजिनांत तेल उडवून आतल्या भागांना पोहोचवले जाते, म्हणून तीव्र उतारावर ते एका बाजूला जमते आणि इंजिन जाम होते. कोकणातल्या आणि मावळातल्या उतारांवर हे विशेष लक्षात ठेवावे. हँडल चालवणाऱ्याच्या कमरेच्या उंचीला आणावे, दुकानदाराच्या नव्हे. मागचा खोली ठरवणारा दांडा, ज्याला बरेच जण बिनकामाचा समजून काढून ठेवतात, तो बसवलाच पाहिजे. तो मातीत रुतून यंत्राला मागून धरून ठेवतो, म्हणून पाती पळण्याऐवजी खणतात.

इथे पहिला आक्षेप येईल: जोडणी दुकानाचा मेकॅनिक करून देतो, शेतकऱ्याला हे कशाला हवे? मेकॅनिक जोडतो हे खरे. पण तो एका दिवसात अनेक यंत्रे जोडतो आणि त्याची कसोटी ‘सुरू झाले का’ ही असते. शिवाय जोडणी एकदाच होते हा भ्रम आहे. पाती झिजली की बदलायची, उसाला भर द्यायला सरी पाडायचे औजार लावायचे, पुन्हा पाती चढवायची, दोन बोल्ट कमी भरले तर रिकामी भोके तशीच सोडायची, हे सगळे पुढच्या प्रत्येक हंगामात बांधावर होते आणि तिथे मेकॅनिक नसतो. दुकानातली जोडणी मालकाने समोर उभे राहून करून घ्यावी, यामागे अविश्वास नाही. पुढच्या वीस जोडण्या त्यालाच करायच्या आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो चालवणाऱ्यांच्या शरीरातून येतो. तासभर लिव्हर दाबून धरली की बोटे बधिर होतात, म्हणून लोक तिला दोरीने किंवा ट्यूबच्या रबराने हँडलला बांधून टाकतात. ‘तुम्ही बोलता, चालवा एकदा,’ असे त्यांचे उत्तर असते. ही तक्रार खोटी नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनांची आठ तासांची सरासरी मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवली आहे आणि निम्म्या पातळीपासूनच मालकाने उपाय सुरू करायचे आहेत. कारण वर्षानुवर्षांच्या कंपनांनी बोटांतला रक्तपुरवठा आणि संवेदना बिघडतात. म्हणून बांधलेल्या लिव्हरचा इलाज रागावणे हा नव्हे. हँडलचे बोल्ट सैल असले, मुठीची रबरे फाटलेली असली, एखादे पाते तुटून दांड्याचा तोल गेलेला असला की कंपने वाढतात, आणि ही तिन्ही कारणे पान्याने दूर होणारी आहेत. बोल्ट पहिल्या तासाभरानंतर एकदा आवळायचे, कारण नव्या यंत्रात ते बसतातच थोडे सैल. त्यानंतरही हात भरून येणार, तर वीस-तीस मिनिटांनी माणूस बदलावा. लिव्हर बांधली की यंत्रातले एकमेव आपोआप थांबणे आपण विकत घेऊन फेकून दिलेले असते, आणि हे त्या दोन फेऱ्यांच्या हिशेबाशी कुठेच जुळत नाही.

पात्यांवरच्या पत्र्याच्या मडगार्डबद्दलही असेच सांगतात, की काळ्या रानात चिखल अडकतो म्हणून ते काढावे लागते. अडकतो, यात शंका नाही. पण चिखल अडकतो याचा अर्थ रान अजून वापशावर आलेले नाही. वापसा नसताना भारी काळ्या जमिनीत यंत्र घातले, तर पाती माती मोकळी करण्याऐवजी ती लिंपतात, खाली थर घट्ट होतो आणि मुळांचे नुकसान वेगळेच. उलट रान फार वाळले असेल तर पाती आत शिरत नाहीत आणि यंत्र उड्या घेते. अशा वेळी पहिला फेरा दोन-तीन इंच उथळ घ्यावा, दुसऱ्याला खोली वाढवावी. मडगार्ड काढण्याची गरज वाटणे ही खरे तर काम आज थांबवण्याची सूचना आहे, आणि शेतकऱ्याइतकी ती दुसऱ्या कुणाला चटकन कळणार नाही.

आता चालवण्याकडे. जोडणी नीट असेल तर लक्ष द्यायच्या जागा मोजक्याच उरतात. मागे घेणे ही त्यांतली सर्वांत वाईट, कारण तेव्हा पाती चालवणाऱ्याच्या पायांकडे येतात आणि मागे बांध, झाड किंवा शेडची भिंत असेल तर हँडल छातीशी दाबले जाते. रिव्हर्स गिअर असला तरी वळताना यंत्र पुढूनच फिरवावे, आणि मागे घ्यावेच लागले तर आधी मागे पाहून, इंजिन मंद करून, पाती बंद ठेवून. दुसरी जागा अडकलेल्या ठिबकच्या नळीची किंवा मल्चिंग पेपरची. तो गुंता ओढून काढायच्या मोहात बोटे जातात. इंजिन बंद, पेट्रोल यंत्र असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढलेली, डिझेल असेल तर बंद करायची लिव्हर ओढून सर्व फिरणे थांबलेले, आणि मगच हात. नुसते पाती हाताने फिरवूनही गरम इंजिन एखादा धक्का घेऊ शकते. तिसरी जागा पॉलिहाउस. तळेगाव परिसरात गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये अशी यंत्रे चालतात. बंद पडद्यांत इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि डोके जड झाले हे उन्हामुळे असेल असे वाटत राहते. पडदे उघडे असल्याशिवाय तिथे पेट्रोल-डिझेल इंजिन सुरू करू नये. इंधन भरण्याबद्दल नवे काही सांगायचे नाही: सायलेन्सर थंड होऊ द्यावा. आणि चपला घालून हे यंत्र चालवू नये. गमबूट पात्याला अडवत नाहीत, पण ढेकळावरून पाय घसरून पात्याखाली जाण्याची वेळ कमी करतात.

अपघात घडल्यावर मदत करणारी यंत्रणा राज्यात आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. ती असावीच. पण अनुदानाच्या प्रक्रियेत एक टप्पा अपघाताच्या आधीचाही आहे. यंत्र खरेदी केल्यावर कृषी खात्याचा कर्मचारी मोका तपासणीला येतो, इंजिन नंबर बिलाशी जुळवतो आणि यंत्रासोबत लाभार्थ्याचा फोटो काढतो. त्याच वेळी पात्यांची धार पुढे आहे, पिनांना क्लिपा आहेत, मडगार्ड आणि मागचा दांडा बसवलेला आहे आणि लिव्हर सोडल्यावर पाती थांबतात, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतील. चौथी गोष्ट चालू इंजिनावर पाहायची असल्याने फोटो त्यानंतर काढावा.