लिस्पचे रीड मॅक्रो: अक्षर वाचतानाच अर्थ

लिस्प शिकणारे पुष्कळजण रीड मॅक्रो म्हणजे मजकुरातला ‘शोधा आणि बदला’ समजतात. थेट चिन्हांशीच संबंध असल्याने तसे वाटणे साहजिक आहे, पण इथे मजकुराच्या जागी मजकूर येत नाही.

लिस्पचा रीडर (अक्षरे वाचून त्यांच्या याद्या, संख्या, नावे बनवणारा भाग) प्रत्येक अक्षर रीडटेबलमध्ये (कोणत्या अक्षराला काय करायचे याचा तक्ता) पाहतो. एखाद्या अक्षरापुढे फंक्शन नोंदलेले असेल, तर पुढचे वाचन त्याच्या हाती जाते आणि ते बहुधा तयार वस्तू परत देते. भातखंडे स्वरलिपीत स्वराखाली बिंदू दिसला की वादक बिंदू वाजवत नाही, मंद्र सप्तकातला स्वर वाजवतो, तसेच हे.

कॉमन लिस्पमध्ये 'क वाचताच (क्वोट क) ही यादी तयार होते. अर्धविराम, एवढेच काय, उघडता कंससुद्धा असेच मॅक्रो अक्षर आहे. [१ २ ३] अशी यादी लिहायची सोय आपणही करू शकतो. मात्र फक्त [ नोंदवून भागत नाही. ] हेही नोंदवावे लागते, नाहीतर ‘३]’ हे रीडरला एकच नाव वाटते. नवखे हमखास इथेच अडतात.

डेफमॅक्रोने केलेले नेहमीचे मॅक्रो मात्र वाचन झाल्यानंतर, तयार याद्यांवर चालतात. नवे चिन्ह नोंदवताना रीडटेबलची प्रत करून तीच बदलावी, म्हणजे इतरांच्या फाइली बिघडत नाहीत.