घाटात वायरींचे जोड सैल होतात, फ्यूज मात्र उडत नाही

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाना, पंखे, छोटा फ्रीज बसवायचा आणि चोर्ला घाटातून गोवा गाठायचा, अशी हौस असणाऱ्यांचा पैसा बॅटरी आणि इन्व्हर्टरवर जातो. (आरटीओची परवानगी हा वेगळा विषय.) वायरींच्या जोडांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. दोन टोकं पिळली, वर काळी टेप गुंडाळली, झालं काम! घराची भिंत हलत नाही म्हणून तिथे हे खपून जातं. गाडीत खड्ड्यांचे हादरे बसून स्क्रू थोडा थोडा सैल होत जातो आणि टेप उन्हाने सुटते.

खरी गोम 12 व्होल्टमध्ये आहे. इन्व्हर्टरवर 1000 वॅटची शेगडी लावली, तर बॅटरीकडून 85 ते 100 अँपिअर करंट येतो. घरच्या 230 व्होल्टवर त्याच शेगडीला साडेचार अँपिअरही लागत नाहीत. सैल जोडात विजेला अडथळा होतो आणि तिथली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. हिशेब करून बघा. अडथळा ओहमचा फक्त शंभरावा भाग धरला, तर घरच्या लाइनवर पाव वॅटही उष्णता होत नाही. गाडीत 100 अँपिअरला तीच 100 वॅट होते, म्हणजे एका नटाखाली जुना शंभराचा बल्ब, आणि शेजारी प्लायवूड नि फोम.

'फ्यूज आहे की,' असं लोक म्हणतात. फ्यूज करंट जास्त झाला तरच उडतो. सैल जोडामुळे करंट फ्यूज उडण्याइतका वाढत नाही. त्यामुळे जोड जळेपर्यंत फ्यूज शाबूत राहतो. तरी शॉर्टसर्किटसाठी तो हवाच, आणि तोही बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून.

म्हणून वायर बारीक तारांची, तांब्याचीच घ्या. टोकाला मापाचा लग क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून घ्या. साध्या पक्कडीने दाबलेला लग ओढला की निसटतो. नुसतं सोल्डरिंग करून सोडू नये, कारण सोल्डर संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. नटाखाली स्प्रिंग वॉशर घाला. वायर पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट बसवा. अर्थिंगची वायर चॅसिसला जोडताना तेवढा रंग खरवडून काढा.

गोव्यात गाडी समुद्राकाठी उभी राहणार असेल, तर टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं.

लांबच्या फेरीनंतर जोड तपासताना आधी निगेटिव्ह काढा, परत जोडताना तो शेवटी जोडा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगीच. हातात अंगठी, कडं नको. लोड पंधरा-वीस मिनिटं चालवून बंद करा आणि जोडाजवळच्या वायरीला हाताची पाठ लावा. चटका बसला किंवा आवरण तपकिरी दिसलं, तर नुसता नट आवळून भागत नाही. काळं पडलेलं तांबं कापून नवा लग बसवावा लागतो.