बेरीज आली तेराशे, हातात आले साडेचौतीसशे!

व्हिडिओत हा भाग घाईत उरकला होता, म्हणून इथे नीट लिहितोय.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एक मावशी सुकी मासळी विकतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्यात सगळी भिस्त बोंबील, सोडे आणि सुकटीवर. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, त्यांची मुलगी त्या एक्सेलमध्ये चिकटवते. मावशी म्हणाल्या, "अरे, माल चोवीसशेचा घेतला आणि विक्री तेराशेच दाखवतंय. बंद करू का हे घरपोच?"

शीट उघडली. चार ऑर्डरी: १२००/-, ८५०, ९५० रु, ४५०. (टाइप इंग्रजी आकड्यांत केलं होतं, इथे मराठीत छापतोय.) तोंडी बेरीज करा, ३४५० होतात. एक्सेलने फक्त ८५० आणि ४५० धरले.

का? आपल्याला "१२००/-" म्हणजे पैसे दिसतात. एक्सेलला ती अक्षरं दिसतात, "बोंबील" या शब्दासारखीच. आणि सम हे फंक्शन रकान्यातली अक्षरं गुपचूप सोडून देतं. एरर नाही, लाल खूण नाही. मला विचाराल तर एरर आलेली परवडली, निदान माणूस थांबून बघतो तरी. इथे चुकीची बेरीज ऐटीत बसलेली असते आणि आपण धंदा बंद करायला निघतो!

ओळखायचं कसं? आकडा सहसा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. त्याहून पक्की परीक्षा: काउंट फक्त आकडे मोजतं, काउंट-ए भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं. मावशींच्या शीटमध्ये एकाचं उत्तर २ आलं, दुसऱ्याचं ४. तिथेच चोर सापडला.

दुरुस्तीसाठी तो रकाना निवडा, फाइंड अँड रिप्लेसमध्ये "/-" शोधा, बदली रिकामं ठेवा. मग "रु" साठी तेच. तरीही आकडा डावीकडेच राहिला, तर बाजूच्या रकान्यात व्हॅल्यू फंक्शन लावा. नुसतं फॉरमॅट "नंबर" करून आधी भरलेला मजकूर आकडा होत नाही, इथे बरेच जण फसतात. यापुढे "रुपये" हा शब्द रकान्याच्या मथळ्यात, खाली फक्त आकडे.

कोणाकडून ऑर्डर फॉर्म बनवून घेत असाल, तर रकमेच्या जागी स्वल्पविरामासकट १,२०० टाकून बघा. जावास्क्रिप्टमधलं पार्सइंट स्वल्पविरामाशी थांबतं आणि उत्तर देतं १. बाराशेची ऑर्डर एका रुपयात! स्वल्पविराम आधी काढून मगच आकडा करायचा, हे बनवणाऱ्याला सांगा.

मात्र सगळंच आकड्यात बदलू नका. मोबाइल नंबर, बँक खातं मजकूरच राहू द्या. आकडा केलात तर सुरुवातीचं शून्य उडतं, आणि एक्सेल पंधरा अंकांच्या पुढचे अंक शून्य करून टाकतं. तसंही फोन नंबरांची बेरीज कोणाला करायचीय?

मावशींचे मालाचे चोवीसशे वजा जाता १०५० उरले. त्यातून पिशव्या आणि डिलिव्हरीवाल्या पोराचे पैसे जायचेत. तो हिशेब अजून वहीत आहे, पुढच्या खेपेला शीटमध्ये घेतोय. घरपोच सध्या चालू आहे.