पोटात पाय, अंगात पाणी

आषाढातली रात्र. पाऊस नुकताच उघडलेला. मोबाइलचा टॉर्च लावून गच्चीवरच्या पालकाच्या कुंडीवर धरला आणि चोर सापडला. बोटाएवढा लांब, काळपट तपकिरी, पाठीवर मधोमध फिकट रेघ. आठवडाभरापूर्वी उगवलेल्या रोपांपैकी निम्मी एकेका रात्रीत देठापासून गायब होत होती. उंदीर, चिमण्या, खालच्या मजल्यावरचं मांजर असे सगळे संशयित झाले होते. खरा गुन्हेगार मात्र एका रोपाच्या शेंड्यावर वाकून निवांत जेवत होता.

ही शंख नसलेली गोगलगाय. शेतीच्या पुस्तकांत तिला ‘शेंबी’ म्हणतात, कुंड्यांत बाग करणारे सरळ ‘स्लग’ म्हणतात. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही आपली म्हण गरीब दिसणाऱ्या लबाडांसाठी आहे. पण प्राणिशास्त्रज्ञांनी या वर्गाला नाव देताना नेमकं हेच पाहिलं. ‘गॅस्ट्रोपॉड’ हा शब्द पोट आणि पाय या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. पाठ्यपुस्तकातला ‘उदरपाद’ तोच. पोटाखालचा सलग, मांसल पट्टा हाच तिचा पाय. त्यातून स्नायूंच्या लाटा पुढे सरकत राहतात आणि गोगलगाय चालते.

ती चालते ती स्वतःच तयार केलेल्या रस्त्यावरून. तो रस्ता म्हणजे पायाखालचा चिकट स्राव. मार्क डेनी या शास्त्रज्ञानं १९८० मध्ये दाखवून दिलं, की स्नायूचा दाब पडला की हा स्राव पातळ होतो आणि दाब गेला की पुन्हा घट्ट. म्हणूनच ती भिंतीवर चढतेही आणि चिकटूनही राहते. पण हा प्रवास महागडा आहे. तेवढंच अंतर धावत कापणाऱ्या प्राण्याच्या तुलनेत गोगलगायीला सुमारे बारापट ऊर्जा लागते, असा हिशोब डेनी यांनीच मांडला. आणि या स्रावात बहुतांश असतं पाणी. म्हणजे प्रत्येक पावलागणिक अंगातलं पाणी खर्च. शंखवाली बहीण ऊन वाढलं की घरात शिरून दार लावून घेते. शेंबीला तीही सोय नाही. म्हणून दिवसा कुंडीच्या तळाशी, ताटलीखाली, ओल्या मातीत दडायचं आणि हवा दमट झाली की बाहेर पडायचं.

आपल्याकडच्या बागांत दिसणारी चपटी, चामड्यासारख्या पाठीची शेंबी म्हणजे लेव्हिकॉलिस अल्टे. ती मूळची आफ्रिकेतली मानली जाते. तिला उलटी करून पाहिली तर पाय अगदी अरुंद, जेमतेम चार-पाच मिलिमीटरची पट्टी. पाय जितका अरुंद, तितकं पाणी कमी उडतं. त्यामुळे इतर शेंबींपेक्षा तिला कोरडी हवा जास्त सोसते.

हा पाण्याचा हिशोब कळला की घरगुती उपाय नीट पारखता येतात. मीठ टाकलं की शेंबी विरघळते असं आपण म्हणतो. खरं तर ती विरघळत नाही. बाहेर क्षार वाढल्यामुळे परासरणानं तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतलं जातं. मरण वाईट, आणि तेच मीठ कुंडीत उतरून रोपाच्या मुळांनाही तहानेलं ठेवतं. अंड्याच्या टरफलांचा चुरा हा दुसरा लोकप्रिय सल्ला. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी, खडीची भरड, पाइनची साल आणि लोकरीच्या गोळ्या अशा पाच अडथळ्यांची लेट्यूसच्या रोपांवर परीक्षा घेतली. काहीच न वापरलेल्या रोपांच्या तुलनेत फरक पडला नाही. स्वतःचा रस्ता सोबत घेऊन फिरणाऱ्याला खाचखळग्यांची काय भीती!

उपयोगी पडतं ते वेळापत्रक. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस प्रयोगात संध्याकाळऐवजी सकाळी पाणी दिलेल्या लेट्यूसचं शेंबींनी केलेलं नुकसान लक्षणीय कमी भरलं. कारण साधं आहे. सकाळचं पाणी मुळांना मिळतं आणि रात्रीपर्यंत वरची माती सुकते. संध्याकाळी झारी फिरवणारा माणूस मात्र शेंबीसाठी सडा घालून ठेवतो. ऑफिसातून आल्यावर मी वर्षानुवर्षं तेच करत होतो.

पावसाळ्यात आभाळाला वेळ सांगता येत नाही. तेव्हा निवारा काढून घ्यायचा: ताटल्यांतलं पाणी ओतायचं, कुंड्या विटांवर उचलायच्या, कुजकी पानं वेचायची. उरलेल्यांसाठी सापळा. गोणपाटाचा तुकडा गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांमध्ये पसरायचा, उजाडता उजाडता उलटायचा. खाली दडलेल्या शेंबी चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनवर शंखी गोगलगायींनी धाड घातली, तेव्हा शेतकऱ्यांनाही गोणपाटाचा असाच सल्ला दिला गेला होता. ती शंखीही आफ्रिकेचीच. बेन्सन नावाच्या शंखप्रेमी इंग्रज अधिकाऱ्यानं १८४७ मध्ये मॉरिशसहून तिची जोडी कोलकात्याला आणली आणि तिथल्या बागेतून ती पसरत गेली, असं सांगतात. शेंबीही रोपवाटिकेच्या मातीतून, कुंडीच्या बुडाला चिकटून अशीच घरोघर जाते. नवं रोप आणलं की आधी कुंडी उचलून खाली पाहावं.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परिणामकारक आहेत, पण त्या कुत्र्यामांजरांनाही घातक. ब्रिटननं २०२२ मध्ये त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. चार कुंड्यांसाठी ते विष घरात कशाला? आणि शेंबी उघड्या हातानं उचलू नये. उंदरांच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या तिच्या अंगात असू शकतात. पानाला चिकटलेली बारकी शेंबी कच्च्या कोशिंबिरीतून पोटात गेली, तर त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. म्हणून कुंडीतला पालक असो की बाजारातली कोथिंबीर, पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुवायचं.

माझ्या गोणपाटाखाली पहिल्या सकाळी अकरा निघाल्या, दहा दिवसांनी दोन. पालक आता वीतभर झालाय. कोपऱ्यातल्या खताच्या ड्रमाशी काही शेंबी अजून आहेत. तिथं त्या कुजकी पानंच खातात, आणि ते काम कुणीतरी करायलाच हवं. तिकडे मी टॉर्च नेत नाही. झारी मात्र आता सकाळच्या चहाआधी भरतो.