कोणती लाइन आधी बदलायची?

उजनीच्या पंपगृहात चार-सहा तास वीज गेली, की सोलापुरात सूचना येते: पाणीपुरवठा एक दिवस उशिराने होईल. तासांचा खंड आणि दिवसाचा उशीर, हा हिशेब नागरिकांना पटत नाही. पण पाण्याची यंत्रणा आतून कशी चालते हे पाहायचे, तर सुरुवात इथूनच करावी.

उजनी ते सोलापूर ही जलवाहिनी सुमारे ११० किलोमीटर लांब आहे. पंप थांबले की चढावरचे पाणी उताराकडे ओसरते आणि रिकाम्या जागेत हवा शिरते. वीज आल्यावर पंप एकदम पूर्ण जोराने सुरू करता येत नाहीत. आत अडकलेली हवा एअर व्हॉल्व्हमधून निघू द्यावी लागते, नाहीतर पाण्याचा धक्का बसून पाइप फुटतो. मग पाणी शुद्धीकरण केंद्रात, तिथून शहरातल्या उंच टाक्यांत. ज्या भागाची आज पाळी होती त्याची टाकी भरलेली नसते, म्हणून त्याची पाळी सरकते आणि त्याच्या मागच्या सगळ्यांचीही. प्रत्येक भागाला चार-पाच दिवसांनी पाणी देण्याच्या या चक्रात मोकळा दिवसच नसतो. गेलेले तास भरून काढायला जागा नसते, म्हणून तासांचा दिवस होतो.

सोलापूरला पाणी तीन वाटांनी येते. सगळ्यांत जुनी वाट एकरुख तलावाची, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो. १८६६ ते १८७१ या काळात तो बांधला गेला आणि आजही त्याचे पाणी भवानी पेठेतल्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात जाते. दुसरी वाट भीमेवरच्या टाकळीची, जिचे पाणी सोरेगावला शुद्ध होते. तिसरी थेट उजनी धरणातून पाकणीला येणारी जलवाहिनी. आता स्मार्ट सिटी योजनेतून तिच्या शेजारी १७० एमएलडीची, म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटर वाहून नेण्याच्या क्षमतेची समांतर जलवाहिनी टाकली गेली.

ही समांतर वाहिनी का हवी होती, ते टाकळीच्या हिशेबावरून कळते. रोज आठ कोटी लिटर उचलले, तर वर्षाला साधारण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी लागते. पण ते टाकळीपर्यंत नदीतून आणायचे, तर कोरडे पात्र भिजवत, वाटेतले बंधारे भरत, उजनीतून एकेका वेळी कित्येक टीएमसी सोडावे लागतात. पाइपातून आणलेले पाणी ही नासाडी वाचवते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यात खोलवर गेली होती. पातळी अशी खोल गेली की दुबार, तिबार पंपिंग करावे लागते. अशा वर्षी एक टीएमसीची किंमत काय, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही.

आता दुसरा हिशेब. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर, हे देशातल्या शहरांसाठीचे मानक धरले, तर त्या लोकसंख्येला सुमारे १२.८ कोटी लिटर लागतात. आज माणसे वाढली आहेत, तरी नवी वाहिनी आणि जुने स्रोत मिळून शहराच्या वेशीपर्यंत येऊ शकणारे पाणी अगदीच तुटपुंजे नाही. तेव्हा यापुढचा प्रश्न वेशीच्या आतला आहे. पेठांच्या बोळांतून आणि हद्दवाढ भागाच्या नगरांतून जमिनीखाली पसरलेल्या नळांचा. मोठ्या वाहिनीचे उद्घाटन होते, तिचे फोटो छापून येतात. बोळातली चार इंची लाइन बदलली, तर दोन दिवस रस्ता खोदल्याची तक्रार तेवढी होते. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांचे सोलापूरचे पाणी याच चार आणि सहा इंची लायनींवर ठरणार आहे.

मग त्या बदलायच्या कशा क्रमाने? पहिले उत्तर सुचते ते वयाचे: सर्वांत जुनी ती आधी. हे उत्तर अपुरे आहे. चांगला ओतलेला, नीट बसवलेला बिडाचा पाइप शंभर वर्षेही काम देतो आणि घाईत टाकलेला पीव्हीसी वीस वर्षांत सांध्यात सुटतो. शिवाय सोलापूरची जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आक्रसते. तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी वर उचलला जातो आणि खाली खेचला जातो. बीड आणि सिमेंटचे पाइप कडक असतात. ते वाकत नाहीत, तडकतात. तोच पाइप मुरमाच्या बिछान्यावर, मुरमाने चारी बाजूंनी वेढून टाकला, तर मातीची ओढ त्याच्यापर्यंत कमी पोचते. म्हणजे एकाच वर्षी टाकलेल्या दोन लायनींपैकी एक ठणठणीत आणि दुसरी दर उन्हाळ्यात फुटणारी असू शकते.

त्यात पाळीपाळीने पाणी सोडण्याची भर. ज्या लायनीत चोवीस तास पाणी आणि दाब असतो, ती एका अर्थी विश्रांतीत असते. आपली लाइन दर पाळीला भरते, हवा बाहेर ढकलते, दाबाचा धक्का सोसते आणि पुन्हा रिकामी होते. रिकामी होताना आत पोकळी तयार होते आणि शेजारच्या गटारीतले पाणी चिरेतून आत ओढले जाते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ पाणी येते त्याचे एक कारण हे आहे. घराघरातून नळाला थेट मोटर लावली जाते, तेव्हा ही ओढ आणखी वाढते. म्हणून गळती हा निव्वळ पाणी वाया जाण्याचा प्रश्न मानू नये. ज्या भोकातून पाणी बाहेर जाते, त्याच भोकातून घाण आत येते.

यातून क्रम लावण्याची खरी कसोटी हाती येते. एखादी लाइन दर किलोमीटरला वर्षात किती वेळा फुटते, आणि फुटली तर कोणाचे किती बिघडते, या दोन गोष्टी एकत्र पाहायच्या. टाकी भरणारी मुख्य लाइन क्वचित फुटत असेल, पण ती गेली की हजारो घरांची पाळी बुडते. रुग्णालयाला पाणी देणारी, गटारीला चिकटून जाणारी, नुकत्याच काँक्रीट केलेल्या रस्त्याखालची, या सगळ्यांचे वजन वेगळे. टोकाच्या दहा घरांची लाइन दोनदा फुटली, तरी ती दुरुस्त करत चालवता येईल. पण दोन्ही बाजूंनी वाईट असलेली लाइन यादीत सर्वांत वर गेली पाहिजे, मग ती पंधरा वर्षांचीच का असेना.

यासाठी नोंद लागते, आणि आपल्याकडच्या जुन्या शहरांत नेमकी तीच डोक्यात असते, कागदावर नसते. कोणत्या कोपऱ्यात व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला, कोणती लाइन कोणत्या लायनीला जोडली आहे, हे चावीवाल्याला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की ते ज्ञान घरी जाते. लिकेज काढायला खणलेला प्रत्येक खड्डा ही जमिनीखाली डोकावण्याची संधी आहे. पाइप कशाचा, किती इंची, किती खोल, भोवती माती की मुरूम, फुटला तो सांध्यात की अंगात, तडा आडवा की लांबट, गंज आतून की बाहेरून, एवढे खड्डा बुजवण्यापूर्वी लिहून, फोटो काढून नकाशावर टाकायला दहा मिनिटे लागतात. आडवा तडा बहुधा मातीच्या हालचालीचा असतो, लांबट तडा बहुधा दाबाचा. पहिल्यावर उपाय मुरूम आणि लवचिक सांधे, दुसऱ्यावर हवेचे आणि दाबाचे व्हॉल्व्ह. तीन-चार वर्षे ही नोंद सचोटीने झाली, तर कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाहून ती मोलाची ठरेल. माझी सगळी भिस्त या साध्या कामावर आहे.

गळती मोजायची पद्धतही आपल्या पाळीला जुळवून घ्यावी लागते. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात मध्यरात्रीनंतरचा प्रवाह पाहतात. माणसे झोपलेली असताना जे वाहते त्यातले बरेचसे गळतीचे. आपल्याकडे रात्री लाइनच रिकामी असते. तेव्हा टाकीच्या तोंडाशी मीटर बसवून एखादा छोटा भाग एका रात्रीपुरता भरून ठेवायचा, घरांचे कॉक बंद करायला सांगायचे आणि एकेक व्हॉल्व्ह बंद करत मीटर कुठे एकदम खाली येतो ते पाहायचे. ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवल्यावर आकडा पडला, गळती त्या गल्लीत. त्यासाठी व्हॉल्व्ह फिरला पाहिजे, आणि वर्षातून दोनदा तरी न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी हमखास अडकतो.

वेगाचाही हिशेब मांडला पाहिजे. पाइपाचे सरासरी आयुष्य साठ वर्षे धरले, तर दर शंभर किलोमीटरमागे दरवर्षी सुमारे पावणेदोन किलोमीटर बदलले, तरच जाळे म्हातारे होत नाही. वर्षाला पाव किलोमीटर बदलला, तर फेरा पूर्ण व्हायला चारशे वर्षे. अनुदानाने एकदम पन्नास किलोमीटर टाकून मग वीस वर्षे काहीच न करणे याचाही परिणाम वाईट होतो, कारण ते पन्नासही पुढे एकाच वेळी थकतात. म्हणून नळ बदलण्याचा पैसा पाणीपट्टीतून दरवर्षी वेगळ्या खात्यात पडायला हवा आणि तो दुरुस्तीच्या पैशात मिसळता कामा नये. दुरुस्ती नेहमी तातडीची असते. एकाच थैलीत ठेवले, तर ती नळ बदलण्याचा पैसा खाऊन टाकते.

नवी लाइन टाकताना दोन गोष्टी राहून जातात. पहिली गोष्ट घरांच्या जोडण्यांची. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कलबुर्गीत, तसेच बेळगाव आणि हुबळी-धारवाडमध्ये, २००८ च्या सुमारास निवडक भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. तिथे रस्त्याखालच्या लायनींबरोबर प्रत्येक घराची जोडणीही नवी केली गेली, मीटरसकट. आपल्या जिल्ह्याबाहेर कराडलगतच्या मलकापूरनेही मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दर लावून चोवीस तास पाणी दिले. जोडणीवर एवढा भर का, तर जमिनीखालची बहुतेक छोटी गळती मुख्य लायनीत नसते. ती फेरूलपासून, म्हणजे मुख्य लायनीवरच्या जोडणीच्या तोटीपासून, घरापर्यंतच्या गंजलेल्या जीआय नळात असते, जो बऱ्याचदा गटारीतून गेलेला असतो. मुख्य लाइन बदलून जुनी जोडणी तिला चिकटवली, तर वाढलेल्या दाबाने जुना नळ अधिकच गळतो.

दुसरी गोष्ट जुन्या लायनीची. नवी सुरू झाली तरी काही घरे जुनीवरच राहतात, म्हणून तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला जातो आणि दोन्ही लायनी वर्षानुवर्षे शेजारी शेजारी वाहत राहतात, एक घरांत आणि एक मातीत. शेवटचे घर नव्या लायनीवर आले, की जुनी मुख्य लायनीपासून कापून तिच्या तोंडाला कॅप बसवायची, नकाशावर ती बंद दाखवायची आणि कापल्याची तारीख लिहायची. कामाचे अखेरचे बिल त्या नोंदीनंतर निघाले, तर हे काम राहून जाणार नाही.