कानसेनांचा खिसा

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. बडा ख्याल नीट रंगायला, म्हणजे विलंबित मांडून द्रुतावर यायला, गवयाला पाऊण तास सहज लागतो. हा योगायोग आपल्याकडच्या शौकिनांना जेवढा मानवला तेवढा तीन मिनिटांची गाणी ऐकणाऱ्यांना कधीच मानवला नसेल. ७८च्या तबकडीवर राग साडेतीन मिनिटांच्या आत आटपावा लागे. एलपी आली तशी बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. अमीर खाँसाहेबांच्या १९६०च्या गाजलेल्या एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, ही त्या काळची चैन. पण एलपी घेऊन कुणी लोकलमध्ये ऐकत बसू शकत नव्हतं. पाऊण तासाचा सलग राग खिशात आला तो कॅसेटमुळे आणि ती वाजवणाऱ्या एका निळ्या-चंदेरी डबीमुळे.

१ जुलै १९७९ला सोनीनं जपानात पहिला वॉकमन विक्रीला काढला. किंमत ३३,००० येन. कंपनीकडे पत्रकारांसाठीचा ‘प्रेसमन’ हा छोटा रेकॉर्डर होताच. त्यातलं रेकॉर्डिंग काढून टाकलं, स्टीरिओ घातलं, आणि जोडीला जेमतेम पन्नास ग्रॅमचा हेडफोन दिला. तोवर हेडफोन म्हणजे तीन-चारशे ग्रॅमचं ओझं असे. विमानप्रवासात गाणं ऐकता यावं ही संस्थापक मासारू इबुका यांची हौस. रेकॉर्डिंग न करणारं यंत्र घेणार कोण, या कंपनीतल्याच लोकांच्या शंकेला न जुमानता ते बाजारात आणण्याचा हट्ट त्यांचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांचा. एकट्यानं कानात गाणं घालून बसणं असभ्य दिसेल, ही काळजीही मोरितांचीच. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं दबायचं आणि आतल्या माइकमधून शेजाऱ्याशी बोलता यायचं. ही सोय पुढच्या मॉडेलांतून लवकरच गेली. माणसांना गाण्याच्या वेळी शेजारी नकोच होता.

आपल्याकडे वॉकमन दुकानातून यायच्या आधी बॅगेतून आला. आखातातला भाऊ, बोटीवरचा मामा, नाहीतर मुंबईत परदेशी मालाची मनीष मार्केट आणि हिरापन्ना. घरात टू-इन-वन असायचा, पण त्याच्यावर हक्क सगळ्यांचा, वॉकमन एकट्याचा. दोन पेन्सिल सेल टाकले की काही तास निघायचे, आणि सेल उतरायला लागले की किशोरीताईंचा स्वर हळूहळू खाली यायचा. तो खाली आलाय हे आधी कुणाच्या लक्षात येतं, यावरून मित्रमंडळींत कानाची परीक्षा व्हायची.

त्या काळातला शौकीन मुळात यंत्राचा नव्हे, गाण्याचा शौकीन होता, कारण गाणं मिळणंच अवघड होतं. टी-सीरिजनं ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आणला आणि एचएमव्हीची सद्दी मोडली. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, भीमगीतं, पुलंचं कथाकथन, सगळं गल्लीतल्या दुकानात लटकू लागलं. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसनं शास्त्रीय संगीताच्या, मोठ्या कंपन्यांनी हात लावला नसता अशा कॅसेटी काढल्या. पण खरा खजिना विकत मिळत नसे. बैठकीत कुणीतरी केलेलं ध्वनिमुद्रण, त्याची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. दुकानात यादी देऊन कॅसेट ‘भरून’ घेणारे वेगळे, आणि बैठकीची टेप मिळवण्यासाठी एखाद्या बुजुर्गाकडे सहा महिने चहा पिणारे वेगळे. देणाऱ्याची एक अट हमखास असे: पुढे कुणाला द्यायची नाही. ती कुणीही पाळली नाही, म्हणून आज बरंच काही शिल्लक आहे.

कॉपीची कॉपी म्हणजे खरखरीवर खरखर, आणि त्याहून वाईट म्हणजे आवाजावर पांघरूण. हे पांघरूण काढायची युक्ती जाणत्यांना ठाऊक होती. प्लेअरच्या हेडला दोन बारीक स्क्रू असतात. त्यातल्या एकाखाली स्प्रिंग असते. तो फिरवला की हेडचा कोन किंचित बदलतो. टेप ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही, तर वरचे स्वर आधी मरतात. मग घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टेप चालू ठेवायची, कान तानपुऱ्यावर ठेवायचा आणि पाव आट्याहून कमी फिरवत राहायचं. अचानक जवारी उघडते, तबल्याची चाट सुटी होते. तिथे थांबायचं. पुढची कॅसेट दुसऱ्या यंत्रावर भरलेली असली तर पुन्हा तेच. हे काम अंगवळणी पडलेले लोक आजही भेटतात आणि मला त्यांच्याविषयी, कितीही महागडा प्लेअर बाळगणाऱ्यांपेक्षा, जास्त आदर आहे.

१९८४मध्ये सोनीचा खिशात मावेल-न-मावेल असा सीडी प्लेअर आला. आवाज निर्मळ, पण रस्त्यात खड्डा आला की सूर उडी मारायचा. आपल्या रस्त्यांवर त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. १९९२ची मिनीडिस्क जपान्यांनी डोक्यावर घेतली. आपल्याकडे ती काही आकाशवाणीवाले, काही परदेशी जाणारे, एवढ्यांनीच पाहिली.

मग १९९८. कोरियन एमपीमॅन आणि पाठोपाठ अमेरिकेतला रिओ पीएमपी३०० हे एमपी३ प्लेअर आले. दोन्हींत ३२ एमबी जागा. नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या दरानं हिशेब केला तर जेमतेम अर्धा तास, म्हणजे एकोणीस वर्षांच्या प्रगतीनंतर कॅसेटच्या एका बाजूपेक्षाही कमी. तरी अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं रिओला कोर्टात खेचलं, आणि १९९९मध्ये ती हरली. ती जिंकली असती तर बंद पडलं असतं ते नुसतं यंत्र नव्हे, तर गाणं आपल्या जागेवरून उचलून दुसरीकडे नेण्याची मुभा. ऑक्टोबर २००१मध्ये ५ जीबीचा पहिला आयपॉड आला आणि जागेचा प्रश्न संपत आला.

जागा मिळाली तसे शौकिनांना नवे उद्योग सुचले. पहिला उद्योग, एमपी३ किती पिळायचा. १२८च्या फाइलीत लताबाईंचं गाणं बरं वाजायचं, पण तानपुरा पाण्यात बुडवल्यासारखा घुमायचा आणि तबल्याच्या थापेआधी एक पुसट फुसफुस ऐकू यायची. थाप अचानक येते आणि गाणं पिळणारा कोडेक आवाजाचे तुकडे पाडून काम करतो, त्यामुळे चूक थापेच्या आधीच सांडते. पाश्चात्त्य शौकीन हे स्पॅनिश कॅस्टनेटवर तपासायचे, आपण तबल्यावर.

दुसरा उद्योग जोडणीचा. आलाप, जोड, झाला असे तीन ट्रॅक पाडलेल्या सीडीचं एमपी३ केलं की दर सांध्यावर क्षणभर शांतता पडे. एमपी३ची फाइल ठरावीक चौकटीतच बसते, उरलेल्या जागेत शांतता भरली जाते. जोडाचा वेग वाढत झाल्यात शिरतोय आणि मध्येच विजेचा लपंडाव! आयपॉडनं हे दुरुस्त केलं ते थेट २००६मध्ये. त्याआधीच काही स्वीडिश प्रोग्रॅमरांनी आर्कोसच्या प्लेअरसाठी हौसेनं रॉकबॉक्स लिहायला घेतलं होतं. ते हळूहळू आयरिव्हर, आयपॉड, सॅनडिस्कच्या सान्सापर्यंत पोचलं. दिसायला ओबडधोबड, पण सांधा न तुटता वाजवायचं. कंपनीनं विकलेल्या वस्तूत कंपनीचं डोकं काढून आपलं घालायचं, हा त्या वर्षांचा खरा आनंद. चिमुकली सान्सा क्लिप त्यावर इतकी सरस वाजे की दहापट किमतीच्या यंत्रांचे मालक तिचं नाव काढलं की विषय बदलत.

तिसरा उद्योग नावांचा, आणि तो कधीच संपला नाही. फाइलीत कलाकार, अल्बम, संगीतप्रकार असे ठरलेले रकाने. राग कुठे लिहायचा? ताल, साथीदार, बैठकीचं गाव? बऱ्याच जणांनी संगीतप्रकाराच्या रकान्यात राग भरले. मग ‘रॉक’ आणि ‘जॅझ’ यांच्या मधोमध ‘पूरिया’ दिसू लागला आणि प्लेअरला संध्याकाळी फक्त पूरिया वाजव म्हणता येऊ लागलं.

याच सुमारास पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसणारा छोटा ॲम्प्लिफायर जगभरच्या हौशी लोकांत पसरला. चू मॉय यांचं हे सर्किट: एक ऑप-ॲम्प, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. शंभर-दोनशे रुपयांत सामान यायचं, डबी मात्र परदेशातून येणाऱ्याकडे मागावी लागायची, आणि पत्रा कापताना बोटंही कापायची. सहज वाजणाऱ्या हेडफोनला त्याची गरज नव्हती, हे बनवणाऱ्यालाही माहीत असे. तरी बनवायचाच.

इथे मला एक कबूल केल्याशिवाय राहवत नाही की या छंदात थापाही भरपूर. नवा इअरफोन दोनशे तास वाजवल्यावर ‘खुलतो’ म्हणतात. बहुतेक वेळा खुलतो तो कान, सवयीनं. चांदीच्या वायरीबद्दल बोलायलाच नको. पण कानात घालायच्या बोंडाचं रबर योग्य मापाचं हवं, ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी. फट राहिली की खर्ज गळतो, आणि माणूस हजारोंचा इअरफोन बदलतो जिथे दहा रुपयांचं रबर बदलायला हवं होतं. कान बंद करून आत आवाज सोडण्याची ही पद्धत श्रवणयंत्रांतून आली. एटिमोटिकचा ईआर-४ हा १९९१चा. त्यातला चिमुकला ‘आर्मेचर’ ऐकू कमी येणाऱ्यांसाठीच घडला होता. कंपनी काढणारे मीड किलियन हे श्रवणशास्त्रातले.

गेल्या दहाएक वर्षांत शेन्झेन आणि आसपासच्या चिनी कारखान्यांनी तो माल हजार-दोन हजार रुपयांत आणला आणि छंदाचा वर्ग बदलला. आधी तो पगारदारांचा होता. आता इंजिनिअरिंगची पोरं हॉस्टेलवर इअरफोनच्या आवाजाचे आलेख वाचतात. शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी हर्मन कंपनीत बहुसंख्य श्रोत्यांना काय आवडतं याची वक्ररेषा शोधली, ती आता जणू पोथी झाली आहे. तिच्यात खर्ज थोडा उचललेला असतो. सिनेसंगीताला छान, खयालात मात्र डग्गा गायकाच्या पुढे येऊन बसतो. बहुसंख्यांच्या आवडीची सरासरी काढली की असं होणारच.

२०१६ हे वर्ष मी वेगळं काढतो. वर्षाच्या सुरुवातीला मुंबईतलं काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाली, ७ला ॲपलनं हेडफोनचं भोक नसलेला फोन दाखवला. एका आठवड्यात गाणं फुकटच्या जवळ आलं आणि वायर अडगळीत गेली. पुढच्याच वर्षी सारेगामानं पाच हजार गाणी आत भरलेला, जुन्या ट्रान्झिस्टरच्या रूपाचा कारवां काढला. शौकिनांनी नाकं मुरडली. पण निवडायचा त्रास नको असलेल्या लाखो घरांनी तो घेतला, आणि त्या नाकं मुरडणाऱ्यांनीही आईसाठी घेतलाच.

आता सगळं आहे. दहा कोटींहून जास्त गाणी, हवी तितकी स्वच्छ, बिनतोड. आणि शौकीन काय करतोय? जुन्या आयपॉडची हार्ड डिस्क काढून त्यात मेमरी कार्ड बसवतोय. २०२४मध्ये फिओसारख्या कंपनीनं नवा कॅसेट प्लेअर विकायला काढला. त्यात खरखर दाबणारी डॉल्बी यंत्रणा नाही, कारण त्या चिपच आता निघत नाहीत. अडचण नसली की या माणसाला करमत नाही, ती तो विकत आणतो. याला वेड म्हणायला माझी हरकत नाही.

पण त्यातले काही जण एक काम करताहेत जे कुठलीही सेवा करणार नाही. बैठकींच्या त्या कॉपीच्या कॉप्या, कपाटात बुरशी धरायच्या आत, एकेक करून संगणकात उतरवणं. चांगला डेक, प्रत्येक टेपसाठी स्क्रू नव्यानं फिरवणं, मग चोवीस बिटची फाइल. वाद होतो तो शेवटच्या पायरीवर: खरखर काढायची का? सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना द्यावा लागतो, म्हणजे जिथे दुसरा कुठलाच आवाज नाही असे दोन-तीन सेकंद. बैठकीच्या टेपमध्ये ते सापडत नाहीत. बटण दाबलं तेव्हा तानपुरा आधीच सुरू होता आणि टेप संपली तेव्हाही चालूच होता. नमुना तिथून घेतला तर सॉफ्टवेअर खरखरीबरोबर तानपुराही खाऊन टाकतं. म्हणून बहुतेक जण खरखर तशीच ठेवतात आणि फाइलीच्या नावात राग लिहून पुढच्या कॅसेटला हात घालतात.