शिकाऊ शिक्षकाला वेळ कोण देणार?

पदवी घेऊन शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणापुढे इंग्लंडमध्ये आज मुख्यतः दोन वाटा आहेत. एक विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातून जाते, दुसरी थेट शाळेतून अथवा शाळांच्या समूहातून. दोन्ही साधारणतः वर्षभराच्या. ‘क्यूटीएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा अर्हताप्राप्त शिक्षकाचा दर्जा दोन्हींच्या अखेरीस मिळतो. मग निवडावयाचे ते काय?

विद्यापीठ म्हणजे व्याख्याने आणि शाळा म्हणजे अनुभव, हे सर्रास दिले जाणारे उत्तर जुने झाले आहे. शिकाऊ शिक्षकाने चार पंचमांश काळ शाळेत काढावा, असा आग्रह तत्कालीन शिक्षणमंत्री केनेथ क्लार्क यांनी 1992 मध्ये धरला होता. अखेर तडजोड दोन तृतीयांशांवर झाली. माध्यमिक शिक्षकांच्या 36 आठवड्यांच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमातील 24 आठवडे शाळांकडे गेले. म्हणजे विद्यापीठाचा विद्यार्थीही वर्षाचा मोठा भाग वर्गातच उभा असतो. फरक आहे तो सूत्रे कोणाच्या हाती असतात, एवढाच. परंतु तो फरक किरकोळ नव्हे.

शाळेतच शिक्षक घडवावा ही कल्पना मुळीच नवी नाही, आणि तिचा एक धागा हिंदुस्थानात सापडतो. मद्रासजवळील एग्मोरच्या अनाथाश्रमाची देखरेख 1789 पासून अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाकडे होती. तेथे थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याची पद्धत त्याने बसविली आणि 1797 मध्ये लंडनला तिचा वृत्तांत छापला. स्वस्त शिक्षणाची ही युक्ती इंग्लंडला फारच भावली. पुढे 1846 मध्ये के-शटलवर्थ यांनी तिच्या जागी विद्यार्थी-शिक्षक पद्धत आणली. तेरा वर्षांचा मुलगा पाच वर्षे शाळेत उमेदवारी करी. दिवसा तो वर्ग सांभाळी, आणि मुख्याध्यापकाने त्याला रोज दीड तास वेगळे शिकवावे असा नियम होता. दिवसभर पोरे सांभाळून दमलेला हा पोर त्या दीड तासात काय शिकत असेल, याची कल्पना कोणत्याही शिक्षकाला करता येईल. 1890 पासून विद्यापीठीय महाविद्यालयांना जोडून दिवसाची अध्यापक विद्यालये निघाली. ती उमेदवारी अपुरी पडत होती म्हणूनच.

हा इतिहास बाजूला ठेवून मायकेल गोव्ह यांनी 2010 मध्ये अध्यापन ही कारागिरी असून ती उस्तादाच्या हाताखालीच साधते, असे प्रतिपादन केले. 2012 मध्ये ‘स्कूल डायरेक्ट’ योजना आली आणि उमेदवार निवडण्याचे काम बऱ्याच अंशी शाळांकडे गेले. गोव्ह यांच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. गोंगाट करणारा वर्ग ताब्यात कसा घ्यावा, हे कोणतेही पुस्तक शिकवीत नाही. परंतु सुताराचा उस्ताद उमेदवाराशेजारी बसून काम करतो, तर शाळेतला उस्ताद त्याच तासाला दुसऱ्या वर्गावर असतो. सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या निकषांनुसार शिकाऊ शिक्षकाला मार्गदर्शकाचा वेळ मिळावयाचा तो आठवड्याला सरासरी दीड तास. 1846 चा नियम रोज दीड तासाचा होता! दोन्हींचे प्रयोजन वेगळे हे खरे. तरीही आकडे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

पगारी वाटेवर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. घरसंसार असलेल्या, नोकरी बदलून येणाऱ्या माणसाला पगाराचा मोह पडणे स्वाभाविक आहे. शुल्क भरून वर्ष काढणे सर्वांना झेपत नाही. पण शिक्षक कमी पडत असलेल्या शाळेत असा उमेदवार पाहता पाहता रिकाम्या जागेवरचा माणूस होऊन बसतो. चूक करून ती दुरुस्त करण्याची सवलत तेथे संपते, आणि त्याची किंमत समोरची मुले मोजतात. शिवाय एका शाळेची रीत हीच अध्यापनाची रीत, असा त्याचा समज होण्याचा धोका आहे. विद्यापीठात वेगवेगळ्या शाळांतून आलेले सोबती एकत्र बसतात, तेव्हा हा समज हलतो. याउलट, विद्यार्थ्याला शाळेत धाडून वर्षातून दोन-चारदा तोंड दाखविणारा विभागही विद्यापीठातच असू शकतो. नावावरून काहीच ठरत नाही.

म्हणून अर्ज करणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. मार्गदर्शकाच्या वेळापत्रकात आपल्यासाठी तास राखून ठेवला आहे काय? दुसरी शाळा खरोखर निराळी आहे, की त्याच समूहातली जुळी बहीण? केवळ ‘क्यूटीएस’ मिळणार, की सोबत ‘पीजीसीई’ ही विद्यापीठाची अर्हताही? पुढे परदेशी जावयाचे असेल तर शेवटचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील वास्तव्य किमान 20 आठवड्यांचे ठरविले. येथेही आठवडे मोजून झाले. त्या आठवड्यांत छात्राध्यापकाचा पाठ मागच्या बाकावर बसून ऐकावयाचा आणि नंतर त्याच्याशी बोलावयाचे, तर शाळेतील शिक्षकाचे किती तास मोकळे ठेवावयाचे, हा हिशेब मात्र त्याच वेळापत्रकात मांडावा लागेल.